अभ्यासिकेत उजेड वाढला, पण पोरं टोप्या घालून वाचताहेत. चकाकी मोजायची कशी?

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मंडळाची अभ्यासिका आहे. २४ बाय १६ फुटांची खोली, वर कौलं, २५ जागा. पोरं-पोरी पोलीस भरती, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), बँकेच्या परीक्षांची तयारी करतात, मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकं वाचतात. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर खिडक्या उघडता येत नाहीत, म्हणून दिवसाही दिवे लागतात.

आधी सहा जुन्या जाड ट्यूब होत्या. वर्गणी काढून त्या उतरवल्या आणि २० वॉटच्या १२ एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखे लांब सरळ दिवे, लावल्या. तीन-तीनच्या चार आडव्या ओळी, तारेवर लटकवलेल्या, जमिनीपासून ८ फुटांवर. मोबाईलच्या ॲपवर बाकावर ३०० ते ३५० लक्स दिसतात, पूर्वी २००च्या आत होते. आम्हाला वाटलं, चांगलं काम झालं.

पण आता पोरं रात्री टोपी घालून बसतात. एक मुलगी ओढणी कपाळावर पुढे ओढून, छज्ज्यासारखी धरून वाचते. विचारलं की म्हणतात, "दिसतंय सगळं, पण डोकं जड होतंय." वर्गणी दिलेली वडील माणसं म्हणतात, पोरांची नाटकं आहेत. मला तसं वाटत नाही. हे नक्की काय आहे आणि ते तपासायचं कसं, कुणी सांगेल का?

वायरमन_खडेबाजार | रविवार, रात्री १०.१५

दादा, १२ जास्तच झाल्या. चार काढा, नाहीतर १० वॉटच्या लावा. उजेड कमी केला की त्रास जाईल.

टिळकवाडी_पुणे | रविवार, रात्री ११.०५

मूळची बेळगावची, सध्या पुण्यात इमारतींच्या आतल्या प्रकाशयोजनेचं काम करते. मलप्रभाकाठ दादा, तुमच्या पोरांनी तपासणी आधीच केली आहे. टोपी हीच तपासणी. बसल्या जागी समोर बघायचं आणि तळहात भुवईवर आडवा धरायचा, म्हणजे दिवे झाकले जातील पण वही दिसत राहील. हात धरताच डोळ्यांना हायसं वाटलं तर त्रास चकाकीचा, म्हणजे झगझगीत दिवा डोळ्यांवर येण्याचा. काहीच फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं, म्हणजे चष्म्याचा नंबर, झोप किंवा दिव्याची फडफड.

तुमचं ॲप बाकावर किती उजेड पडतो ते सांगतं. डोळ्याला दिवा किती झगझगीत दिसतो ते सांगत नाही. पहिलं लक्समध्ये मोजतात, दुसऱ्याला ल्युमिनन्स म्हणतात, त्याचं माप कँडेला प्रति चौरस मीटर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे बहुतेक तक्रारी इथेच अडतात, कारण मीटर नेहमी टेबलावर ठेवला जातो, माणसाच्या डोळ्याजवळ कुणी नेत नाही.

तुमच्या जुन्या जाड ट्यूबचं बघा. ती टी-१२, म्हणजे १२ अष्टमांश इंच, ३८ मिलिमीटर जाड. ४० वॉटची असली तरी तिचा उजेड चार फूट लांब, चांगल्या जाड नळीवर सगळीकडे पसरलेला. हिशोब केला तर ल्युमिनन्स साधारण ५ ते ६ हजार येतो. बॅटनचा उजेड जेमतेम तीन सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीतून आणि बहुतेक खालच्या अंगाला येतो. म्हणून तिचा आकडा सहज १० हजारांच्या पुढे जातो. डोळ्याला तिचा चटका दुपटीचा.

दुसरं, वर कौलं आहेत म्हणता. त्यांची खालची बाजू काळपट असणार. काळ्या अंधारात १२ पांढऱ्या रेघा! डोळा त्या अंधाराला जुळवून घ्यायला जातो आणि मध्येच रेघ येते. हाच दिवा पांढऱ्या छताखाली असता तर निम्मा त्रास झाला असता.

भिंती कोणत्या रंगाच्या आहेत?

मलप्रभाकाठ | सोमवार, सकाळी ७.२०

ताई, खालून चार फूट गडद निळा ऑईल पेंट, वर जुना पिवळा चुना. छताचे वासे धुराने काळे झालेत. ती खोली आधी स्वयंपाकाची होती.

निपाणीचे गुरुजी | सोमवार, सकाळी ८.००

मी ७१ वर्षांचा. मोतिबिंदू सुरू झाल्यापासून रात्री बल्बभोवती कडं दिसतं आणि समोरून गाडी आली की रस्ताच दिसत नाही. मुलांना हेच होत असेल का? त्यांना कोवळ्या वयात असं व्हायला नको.

टिळकवाडी_पुणे | सोमवार, सकाळी ८.४०

गुरुजी, तुमचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. डोळ्याच्या भिंगात प्रकाश विखुरतो, पडद्यावर धुक्यासारखा पसरतो आणि समोरचं दिसणंच कमी होतं. ती दृष्टी अडवणारी चकाकी. वय वाढलं की ती वाढते. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवत राहा.

पोरांची ती नव्हे. त्यांना अक्षर न् अक्षर दिसतंय, तरी त्रास होतोय. ही अस्वस्थ करणारी चकाकी. तिचा लगेच पुरावा मिळत नाही, म्हणून लोकांना ती नाटकं वाटते. शरीरात ती नेमकी कशामुळे होते याचं सर्वांना पटेल असं उत्तर शास्त्राला अजून मिळालेलं नाही. त्यामुळे ती मोजायची खरी रीत आजही माणसाला विचारणं हीच आहे.

इंग्लंडच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये पेथरब्रिज आणि हॉपकिन्सन यांनी १९५०मध्ये हेच केलं. माणसांना बसवून दिव्यांचा झगझगीतपणा बदलत नेला आणि त्यांना चार पायऱ्या दिल्या: जेमतेम जाणवते, अजून चालवून घेता येते, आता त्रास होतो, सहन होत नाही. आज जगभर वापरतात त्या सूत्रांचा पाया अशा उत्तरांवर उभा आहे. म्हणून पोरांची तक्रार म्हणजेच मोजमाप समजा.

वायरमन_खडेबाजार | सोमवार, दुपारी १.३०

ताई, ते सगळं बरोबर असेल. पण दिवे कमी केले तर त्रास कमी होईल की नाही, एवढं सांगा. गिऱ्हाईक मला हेच विचारतं.

टिळकवाडी_पुणे | सोमवार, रात्री ९.१५

फार थोडा होईल दादा. तो कसा ते सांगते. सूत्र भीतीदायक दिसतं, पण आतलं गणित आपल्या रोजच्या कामाचं आहे.

खोलीतल्या दिव्यांची चकाकी किती, यासाठी यूजीआर नावाचा आकडा काढतात. आकडा जितका मोठा, तितका त्रास जास्त. सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने तो १९९५मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक दिव्यासाठी ल्युमिनन्सचा वर्ग घ्यायचा. त्याला तो दिवा डोळ्याला जेवढी जागा व्यापतो तिने गुणायचं. मग तो नजरेच्या रेषेपासून किती बाजूला आहे त्याच्या निर्देशांकाच्या वर्गाने भागायचं. सगळ्या दिव्यांची बेरीज करायची, तिला पार्श्वभूमीच्या ल्युमिनन्सने भागायचं, ०.२५ने गुणायचं, लॉगरिदम घ्यायचा आणि ८ने गुणायचं. उत्तर साधारण १० ते ३०च्या मध्ये येतं. १३, १६, १९, २२, २५, २८ अशा तीन-तीनच्या पायऱ्या मानतात. युरोपच्या मानकात वाचनालयाच्या वाचनजागेला ५०० लक्स आणि यूजीआर १९पर्यंत, बारीक ड्रॉइंगच्या कामाला १६पर्यंत.

आता तुमचा प्रश्न. सगळे दिवे निम्म्या वॉटचे केले तर दिव्याचा झगझगीतपणा निम्मा होतो, वर्गामुळे पाव होतो. पण भिंती आणि छतही निम्म्याच उजळतात, म्हणजे भागाकार करणारा आकडाही निम्मा. हातात उरतो निम्मा परिणाम. निम्म्याचा लॉगरिदम गुणिले ८ म्हणजे फक्त २.४. एक पायरीसुद्धा पूर्ण उतरली नाही आणि वहीवरचा उजेड मात्र अर्धा गेला. दिवे काढून टाकले तर तेवढंही पदरात पडत नाही, कारण उरलेले दिवे तितकेच झगझगीत राहतात आणि मागचं छत आणखी काळं होतं.

उलट दिवे तेच ठेवून पार्श्वभूमी दुप्पट उजळ केली, म्हणजे चुना मारला, काळ्या वाशांखाली पांढरं काही लावलं, तर तेवढेच २.४ उतरतात. आणि उजेड कमी न होता वाढतो.

तुमच्या खोलीचा कच्चा हिशोबही करून पाहिला. बॅटनचा ल्युमिनन्स १२ हजार, काळ्या छताची आणि भिंतींची पार्श्वभूमी २० धरली. बॅटन डोळ्यापासून ३ मीटर पुढे, ४ फूट वर, समोर आडवी. एकट्या एका बॅटनचा यूजीआर २४च्या आसपास येतो. तशाच दोन दिसल्या की आणखी २.४. शेवटच्या ओळीतल्या पोराला तर चारही ओळी समोर दिसतात.

वडगाव_माग | सोमवार, रात्री १०.४०

मध्येच बोलते. आमच्या घरात चार पॉवरलूम हाईत. मागाच्या वर उघडी ट्यूब, माझ्या डोळ्यासमोरच. जरीची साडी लागली की कापडावरून लखलखाट यायचा, संध्याकाळपर्यंत डोळे भाजल्यासारखे व्हायचे. मालकाने ट्यूब उंच केली, तर वेगळंच झालं. ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली तर दिसेचना! तुटलेली तार चमकूनच दिसते न्हवं? मग मी ट्यूब फणीच्या पलीकडे, खाली, तिरकी घेतली आणि माझ्या बाजूला पत्र्याची पट्टी लावली. आता दिवा दिसत नाही, पण तारांवरून उजेड सरपटत जातो. तार तुटली की लगेच कळतं.

टिळकवाडी_पुणे | सोमवार, रात्री ११.१०

ताई, तुम्ही केलंत ते आम्ही नकाशावर करायला धडपडतो. चमक नेहमी वैरीण नसते. सूत, पॉलिश, धातूवरचा ओरखडा तिरक्या उजेडातच दिसतो. दिवा डोळ्यापासून लपवायचा आणि त्याचा उजेड कामावर ठेवायचा. यूजीआरच्या कोष्टकात तुमच्या तुटलेल्या तारेला जागाच नाही. म्हणून आकड्याबरोबर काम करणाऱ्याशी बोलणंही लागतं.

चिकोडी_काउंटर | मंगळवार, सकाळी १०.०५

माझं काउंटर पश्चिमेच्या काचेकडे तोंड करून आहे. दुपारी चारनंतर गिऱ्हाइकाचा चेहरा काळा दिसतो आणि कॉम्प्युटरवर काही वाचता येत नाही. हाही यूजीआरच का?

टिळकवाडी_पुणे | मंगळवार, सकाळी ११.००

नाही. यूजीआर छोट्या दिव्यांसाठी आहे. एवढ्या मोठ्या खिडकीला तो लावत नाहीत. दिवसाच्या उजेडासाठी डीजीपी नावाचं वेगळं माप आहे, वीनोल्ड आणि क्रिस्टोफरसन यांनी २००६मध्ये मांडलेलं. त्यात डोळ्याच्या जागी उभा, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या पातळीवर पडणारा उजेड मोजतात. तुमच्यासाठी सोपा उपाय: टेबल ९० अंशांत फिरवा, काच बाजूला येऊ द्या. जमत नसेल तर पडदा. दुसऱ्या कुठल्या दिव्याने ते भरून निघणार नाही.

वायरमन_खडेबाजार | मंगळवार, दुपारी २.२०

आता मला पटलं. गिऱ्हाईक म्हणतं डोळ्यावर येतंय, आम्ही वॉट कमी करून देतो, आणि महिन्याने ते म्हणतं आता दिसत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणी आम्हीच खातो.

अजून एक. काही हलक्या बॅटनमध्ये ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग, असा असतो की दिवा सेकंदाला १०० वेळा फडफडतो. डोळ्याला दिसत नाही, पण डोकं दुखतं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. उजेड लाटांसारखा वरखाली झाला तर ड्रायव्हर हलका. ते आधी बघून घ्या, नाहीतर चकाकीच्या मागे लागून वेळ जाईल.

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ९.३०

स्लो मोशनमध्ये पाहिलं, उजेड स्थिर आहे. तळहाताची तपासणीही केली. मी स्वतः शेवटच्या बाकावर बसलो, वर्षभरात पहिल्यांदा. हात धरला आणि खांदे आपोआप खाली आले. दिवे लावले त्या दिवशी मी दारात उभा राहून नुसता उजेड बघितला होता. कुणाच्या तरी जागेवर बसून बघायला हवं होतं.

आता पोरांना विचारायचं म्हणतो. कसं विचारू?

टिळकवाडी_पुणे | मंगळवार, रात्री १०.००

"त्रास होतो का?" असं विचारू नका. तसं विचारलं की सगळे हो म्हणतात, नाहीतर लाजून नाही म्हणतात. चार पायऱ्या मराठीत लिहून चिठ्ठ्या वाटा आणि प्रत्येकाने एका पायरीवर खूण करायची. चिठ्ठीवर जागेचा नंबर असू द्या, नाव नको. आल्या आल्या विचारू नका, दोन तास वाचून झाल्यावर विचारा. मोठ्याने चर्चा होऊ देऊ नका, एकाचं बघून दुसरा लिहितो. उत्तरांत खूप फरक पडेल, त्याने घाबरू नका. एकाच दिव्याखाली एकाला काही वाटत नाही आणि दुसऱ्याला बसवत नाही, हे अगदी नेहमीचं आहे. जागांचा नकाशा काढून त्यावर आकडे भरा, काय ते तिथे दिसेल.

आणि एक छोटा आरसा न्या. पुस्तक ठेवतात तिथे बाकावर तो आडवा ठेवा आणि बसून बघा. आरशात बॅटन दिसली तर गुळगुळीत कागदाच्या गाईडवरही तिची चमक येणार आणि अक्षर पुसट होणार.

मलप्रभाकाठ | पुढचा बुधवार, रात्री १०.२०

चिठ्ठ्या झाल्या. नकाशा भरला आणि वडीलधाऱ्यांना दाखवला. पहिल्या ओळीत जवळजवळ सगळ्यांच्या खुणा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर. मागच्या दोन ओळींत बहुतेक तिसरी, दोघांची चौथी. टोप्या घालणारे सगळे मागचेच. एक आजोबा म्हणाले, "मागं बसणारी पोरं म्हणजे..." आणि स्वतःच थांबले. ते मागे जाऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आरशात मधल्या ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक बाकावर बॅटन दिसली.

आता करू काय? पैसे फार नाहीत.

टिळकवाडी_पुणे | बुधवार, रात्री ११.००

बॅटन फिरवा. आत्ता त्या पोरांसमोर आडव्या आहेत, म्हणून प्रत्येकीची पूर्ण चार फूट लांबी दिसते. नजरेच्या दिशेने, म्हणजे खोलीच्या लांबीत केल्या की ३ मीटरवरची बॅटन टोकाकडून दिसते आणि तिची लांबी एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. यूजीआर साधारण ३ने उतरतो, एक पूर्ण पायरी. खर्च फक्त मजुरीचा. बाकांच्या मधल्या वाटांवर तीन लांब ओळी येतील, आरशातली बॅटनही बरीचशी बाजूला जाईल.

मग चुना. गडद निळा आधी घालवा. वाशांखाली तक्तपोशी करणं परवडत नसेल तर पांढरं कापड ताणलं तरी चालेल, फक्त दिव्यापासून लांब ठेवा.

उरलंच तर पट्ट्या. बॅटनच्या दोन्ही अंगाला आणि दर ८ इंचांवर आडवी, ४ इंच खोल पांढरी पट्टी. बसलेल्या पोराचा डोळा जमिनीपासून साधारण ४ फुटांवर, बॅटन ८ फुटांवर, म्हणजे ती डोळ्यापेक्षा ४ फूट उंच. पट्टीची खोली ४, पट्ट्यांमधलं अंतर ८. डोळ्यापासून वर ४ फूट, पुढे ८ फूट. प्रमाण तेच. म्हणजे ८ फुटांपलीकडची प्रत्येक बॅटन पट्ट्यांमागे लपते. आधी एकाच बॅटनला पुठ्ठ्याचं करून बघा, पोरांना बसवा, मगच पुढचं.

वायरमन_खडेबाजार | गुरुवार, सकाळी ९.१०

पुठ्ठा फक्त बघण्यापुरता, एका संध्याकाळपुरता. कायमचा ठेवू नका, आगीचा धोका आणि पावसाळ्यात फुगतो. उद्यमबागेत पत्रा वाकवून पांढरा पावडर कोटिंग करून देणारे आहेत. माप पाठवा, मी करून घेतो आणि खानापूरला येताना घेऊन येतो. मजुरी नको. बॅटन फिरवायलाही हात लावतो.

निपाणीचे गुरुजी | गुरुवार, सकाळी ९.४५

चुन्याचा खर्च माझ्याकडून. मुलीने ओढणी छज्ज्यासारखी धरली हे वाचल्यापासून मनातून जात नाही.

मलप्रभाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.००

गुरुजी, वायरमन दादा, ताई, काम झालं. बॅटन लांबीत आल्या. भिंतींना वरपासून खालपर्यंत पांढरा चुना, वाशांखाली कापड. मागच्या दोन ओळींतल्या पोरांना समोर दिसतात त्या बॅटनना पत्र्याच्या पट्ट्या, बाकीच्यांना नाहीत, तेवढे पैसे पुरले नाहीत. ॲपवर लक्स थोडे वाढलेच.

पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या, तशाच, दोन तासांनंतर. चौथी पायरी कुणाचीच नाही. तिसरीच्या तीन खुणा राहिल्या. टोप्या खुंटीवर आहेत.

त्या तिघांपैकी एकीची जागा मधल्या ओळीत, भिंतीकडेला. आम्हाला कळेना, तिच्यासमोर तर बॅटन नाही. मी तिच्या जागेवर बसलो. समोरच्या भिंतीवर शिवाजी महाराजांची मोठी तसबीर आहे, आणि तिच्या काचेत मागची अख्खी बॅटन उभी दिसत होती. तसबिरीची वरची दोरी दोन बोटं सैल केली, खाली दोन लाकडी ठोकळे लावले आणि ती पुढे झुकती केली. आता काचेत फक्त जमीन दिसते. ती मुलगी म्हणाली, "आता महाराज नीट दिसतात."

बाकीच्या दोघांच्या जागा दाराजवळ आहेत. उद्या आरसा घेऊन तिथे बसतो.